बेहड्याच्या ढोलीतून

चैत्र वद्य तृतीया. जव्हार संस्थानच्या राखीव रानात, सूर्यमाळच्या नाक्यावर शिपायाने सकाळचे नऊ टोले दिले, तेव्हा माझ्या घराचं दार आतून लिंपून झालं होतं. मी राखी धनेशाची मादी बोलतेय.

आमची रीतच अशी. बेहड्याच्या ढोलीत शिरायचं, शीट आणि चिखलाने तोंड बुजवायचं, चोच मावेल एवढी फट ठेवायची. आत माझी उडायची पिसं गळून जातात. मी अंडी उबवते, पिल्लं सांभाळते. खाणं नर आणतो. गळ्यात उंबरं भरून येतो आणि एकेक काढून देतो.

तीन पिल्लं झाली. वैशाखात एका सकाळी ओहोळाकडे बंदुकीचा बार झाला. रानात संस्थानचे पाहुणे शिकारीला आले की बार होतातच, म्हणून मी लक्ष दिलं नाही. पण दुपार झाली, नर आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. धाकटं पिल्लू ओरडायचं थांबलं.

तिसऱ्या दिवशी झाडाखाली दोन माणसं आली. पाहुण्यांना रान दाखवणारा ढवळू आणि त्याची बायको गोदी.

"हेच झाड. खाली बिया नि शीट बघ," ढवळू म्हणाला. "पाहुण्याला मोठ्या चोचीचं पाखरू पायजे होतं. मीच दाखवलं. पडल्यावर उचललं, तं गळ्यात सात उंबरं! तवा कळलं, याची घरवाली कुठंतरी कोंडलेली हाय."

"तवा कळलं? आधी डोळे काय पाहुण्याला दिले होते?"

"दार फोडू का?"

"फोड, नि साप जाऊ दे आत! येड्या, तिला पंख तरी हायेत का? उंबरं घे नि वर चढ."

चिरलेल्या बांबूच्या टोकाला उंबर खोचून त्याने फटीशी धरलं. मी दोनदा काठीवर चोच मारली. तिसऱ्यांदा उंबर घेतलं.

बावीस दिवस ती दोघं येत होती.

"मला नाय कधी असं भरवलंस," गोदी खालून म्हणायची.

"तू घे की कोंडून!" तो वरून.

धाकटं गेलं. उरलेली दोन पिल्लं वाढली. मला पिसं फुटली, तेव्हा मी दार फोडलं. आता मी पोशेऱ्याकडच्या उंबरावर असते. एकटीच.

रान बघायला या. पण चैत्र-वैशाखात धनेश एकटाच घाईने जाताना दिसला, तर तो कुठल्या झाडाशी थांबतो ते आधी बघा. बरोबर कुणी बंदूकवाला असेल तर त्याला सांगा, आणि खोडाळ्याच्या बाजारात जो भेटेल त्यालाही सांगा, की त्या धनेशाच्या वाटेकडे डोळे लावून आत कुणीतरी बसलंय.