दीड मिनिटाचा लाल ठिपका

मी स्वयंपाकघरातला टायमर बोलतोय. जरा भरभर बोललो तर सांभाळून घ्या, माझा पिंडच तसा आहे. मला पिळलं की मी धावतो, धावणं संपलं की किंचाळतो, आणि किंचाळून झालं की पुन्हा कुणी पिळेपर्यंत शून्यावर डोळे लावून पडून राहतो. पडून राहतानाही आत स्प्रिंग चुळबुळत असतेच. स्वस्थ बसणं म्हणजे काय, ते मी आयुष्यात एकदाच अनुभवलं. तेच सांगायचंय.

जन्म कारखान्यातला. पांढरी गोल तबकडी, साठपर्यंत आकडे, खाली चार रबरी पाय. निळा एप्रन घातलेल्या एका बाईने मला कानाशी धरून पिळलं, टिकटिक ऐकली आणि म्हणाली, "हा जरा घाईचा दिसतोय." तरी तिने मला खोक्यात घातलं. तिचे उपकार.

ह्या घरात आलो तेव्हा इथली लेक पहिलीत होती. तिच्या आईबाबांना मीही आईबाबाच म्हणतो, कारण घरात ह्याच हाका सर्वात जास्त ऐकू यायच्या. माझ्यावर अंडी उकडली, भात शिजला, पाढे पाठ झाले. आई रोज सकाळी मला पाच मिनिटांवर लावून डोळे मिटून, हात जोडून बसायची. तेवढी पाच मिनिटं मी जमेल तितकं हळू टिकटिकायचो. पण हळू म्हणजे किती? शेवटी किंचाळायचोच. ती दचकायची, आणि मला म्हणायची, "झालं हो तुझं!"

मग घरात मोबाइल आले. माझी रवानगी ड्रॉवरमध्ये झाली, सुऱ्या आणि जुन्या रबरबँडच्या सोबतीला. तीन वर्षं! धावणाऱ्याला ड्रॉवर म्हणजे काय, हे ज्याचं त्याला ठाऊक.

मला बाहेर काढलं ते फुटबॉलने.

बाबा बस डेपोत कंट्रोलर. कुठली गाडी किती वाजून किती मिनिटांनी सुटणार, हे सांगण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांनी, त्यांच्या धाकट्या भावाने, म्हणजे लेकीच्या काकांनी, आणि शेजारच्या प्रोफेसरने मिळून फॅन्टसी फुटबॉल सुरू केलं. (प्रोफेसर हे नुसतं टोपणनाव. माणूस कुरिअर ऑफिसात कारकून आहे, पण आकडेमोडीचं भारी वेड.) खेळ साधा. खरे खेळाडू खऱ्या मैदानावर खेळणार. आपण हंगामाआधी एकत्र बसून त्यांच्यातले पंधरा-पंधरा आळीपाळीने निवडायचे. एकाने घेतलेला दुसऱ्याला मिळत नाही. मग दर आठवड्याला आपल्या माणसाने गोल केला, गोल अडवला, की आपल्याला गुण. निवडीच्या दिवसाला सगळे ड्राफ्ट म्हणतात.

पहिल्या ड्राफ्टला काकांनी एक गोलकीपर निवडायला पंचवीस मिनिटं घेतली. बाबांना ते कसं सोसावं? त्यांनी नियम केला. एका डावाला दीड मिनिट. वेळेत नाव सांगितलं नाही तर डाव गेला. दोन डाव गेले तर टीम वर्षभरासाठी बाद. फोनवर वेळ लावायला त्यांची ना. "फोन हातात आला की माणूस फोनच बघत बसतो." म्हणून मी ड्रॉवरमधून टेबलावर आलो. एक आणि दोनच्या मधोमध लेकीने नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. बाबा मला आधी वीसपर्यंत पिळायचे, मग मागे त्या ठिपक्यावर आणून सोडायचे. एका दुपारी पंचेचाळीस वेळा! असं सुख मला कधी लाभलं नव्हतं.

खेळाडू पारखायची तऱ्हा प्रत्येकाची निराळी. प्रोफेसर लॅपटॉपवरच्या सरासऱ्या बघणार. काका फोटो बघणार. "चेहऱ्यावर भूक दिसली पाहिजे." बाबांचं वेगळंच. ते मॅच लावायचे आणि लेकीला म्हणायचे, "चेंडूकडे बघू नकोस. चेंडू तर सगळेच बघतात. एक माणूस धर आणि चेंडू जवळ नसताना तो काय करतो, ते बघ." दोघं सोफ्यावर वही घेऊन बसायची. बाबांची आणि तिची टीम एकच होती, आणि दहा वर्षांत चारदा जिंकली.

मागच्या वर्षी लेक नर्स झाली आणि तिला दूरच्या शहरात नोकरी लागली. बाबांचं म्हणणं, इथेच बघ. तिचं म्हणणं, मला तिथेच शिकायला मिळेल. शब्दाने शब्द वाढला. बाबा म्हणाले, "जायचं तर जा. मला विचारू नकोस." तिने ते शब्दशः पाळलं. आठ महिने दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलली नाहीत. फोन आईला यायचा. "तिला म्हणावं, जेवणाची हेळसांड नको." "बाबांना सांग, गोळ्या चुकवू नका." मधल्या मधे आई टपाल वाहायची.

आईने कुणाला न सांगता एक नेम केला होता. ही दोघं सरळ तोंडाने बोलत नाहीत तोवर चहात साखर नाही. हे फक्त मला ठाऊक, कारण चहाला चार मिनिटं मलाच लावतात आणि पहिला बिनसाखरेचा कप तिने माझ्यासमोर, डोळे गच्च मिटून प्यायला. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "सवय होईल." झाली नाही. रोज तोंड वाकडं व्हायचं आणि रोज ती म्हणायची, "आज बोलतील."

यंदा लेकीने आईकरवी कळवलं की तिला वेगळी टीम हवी. बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "घ्यावी की. नियम सगळ्यांना सारखे." पण त्या संध्याकाळी त्यांनी वहीचं एकही पान उलटलं नाही. नुसते पेन उघडत होते आणि मिटत होते.

ड्राफ्टच्या रविवारी नेमकी लेकीची ड्यूटी लागली. फोन लॉकरमध्ये. तिने आदल्या दिवशी आईला यादी सांगितली. "आई, माझ्या जागी तू बस. वरचं नाव गेलं की खालचं वाचायचं. सोप्पं आहे." आईने सुवाच्य अक्षरात सगळं उतरवून घेतलं आणि मला म्हणाली, "ही टीम बाद झाली ना, तर त्यांना एकमेकांची चौकशी करायला निमित्तही उरणार नाही बघ. नीट चाल." मी? मी तर चालणारच. तीच तर पंचाईत.

भिंतीवर मोठा कागद, त्यावर चार रकाने. चिठ्ठ्या टाकल्या. पहिले काका, मग प्रोफेसर, मग बाबा, शेवटी आई. दुसऱ्या फेरीत क्रम उलटा, म्हणजे आईचे दोन डाव लागोपाठ.

काकांनी एक भुकेला चेहरा उचलला. प्रोफेसरांनी सर्वात मोठी सरासरी उचलली. बाबा म्हणाले, "हिरव्या संघाचा पाच नंबर."

प्रोफेसरांनी चष्मा कपाळावर चढवला. "पाच नंबर? निळ्यांचा नऊ मोकळा असताना? तुमची तब्येत बरी आहे ना?"

"माझी टीम, माझी मर्जी," बाबा म्हणाले, आणि मला आईसाठी पिळलं.

आईने घसा साफ करून वाचलं, "पोस्टमन."

काकांनी प्रोफेसरांकडे बघितलं, प्रोफेसरांनी लॅपटॉपकडे. फक्त मी बोलत होतो, टिक टिक टिक टिक.

"कोण पोस्टमन, वहिनी?"

"पोस्टमन. एक नंबरला तेच लिहिलंय."

प्रोफेसरांनी लॅपटॉपवरची यादी खालीवर केली. "माझ्याकडे पोस्टमन नाही. खेळाडूचा नंबर सांगा. नाहीतर संघ."

आईने यादीवरून बोट खाली नेलं. "दुसरा खिळा. तिसरी मावशी. मग कुलूप, पाहुणा, दोन शर्टवाला..."

"हा संघ आहे की चाळ?" काका हसून हसून लाल झाले.

मला काय होतंय ते कळत होतं. सोफ्यावर बसून दहा वर्षं त्या दोघांनी खेळाडूंना जी नावं ठेवली, तीच लेकीने घाईत सांगितली होती. ती नावं जगात दोनच माणसांना ठाऊक. एक लॉकरपासून लांब वॉर्डात, आणि दुसरा कागदासमोर मार्कर घेऊन उभा.

मी किंचाळलो.

"एक डाव गेला," बाबा म्हणाले आणि लेकीच्या रकान्यात आडवी रेघ ओढली. रेघ सरळ आली नाही. मला पुन्हा ठिपक्यावर आणलं. "दुसरा डाव."

आता तर मी जीव तोडून धावत होतो. थांबावंसं वाटणं आणि थांबता न येणं, ह्याच्यासारखी तगमग नाही. एक मिनिट. पन्नास सेकंद. आई कागद पालथा घालून बघत होती, मागे काही लिहिलंय का.

"दादा, तुला ठाऊक असेल की," काका म्हणाले.

"ज्याचा डाव, त्याने बोलायचं," बाबा म्हणाले.

आईने यादी खाली ठेवली. आवाज चढवला नाही. ती म्हणाली, "नियम मोडा असं मी म्हणत नाही. पण तुम्हीच शिकवलंत ना, चेंडू नसताना माणूस काय करतो ते बघायचं? आठ महिने मी तेच बघतेय. तिचा फोन आला की तुम्ही टीव्हीचा आवाज बंद करता. आणि मघाशी नऊ नंबर सोडून दिलात."

वीस सेकंद. पंधरा.

आणि माझ्यावर एक अंगठा पडला.

जड, खरखरीत, डेपोत कागदांवर शिक्के मारून मारून घट्टे पडलेला. तबकडी जागच्या जागी थिजली. आत स्प्रिंगने मुसंडी मारली, अंगठा हलला नाही. मी पहिल्यांदाच पिळलेल्या स्थितीत गप्प बसलो. केवढी शांतता होती! बाहेर कुणाची तरी सायकल गेली, तिची घंटासुद्धा ऐकू आली.

"पोस्टमन म्हणजे निळ्यांचा नऊ," बाबा म्हणाले. "चेंडू कुठूनही दिला तरी योग्य पत्त्यावर पोचवतो. म्हणून पोस्टमन."

"अरे वा!" काका उभेच राहिले. "टायमर दाबून धरायचा? आणि तू तिचा प्रतिस्पर्धी ना? हा उघड उघड अन्याय आहे!"

प्रोफेसरांनी नियमांचा कागद काढून शांतपणे वाचला. "यादी समजावून सांगायला मनाई लिहिलेली नाही. टायमर दाबायलाही नाही. नियम तुमच्याच भावाने केलेत, त्यामुळे भोकं असणारच."

त्यानंतर बाबांनी अंगठा काढला, पण प्रत्येक डावाला आई नाव वाचायची आणि बाबा सांगायचे. खिळा, पांढऱ्यांचा चार, एकदा उभा राहिला की उपटत नाही. मावशी, मधल्या फळीतला, सगळ्यांना ओरडत फिरणारा. दोन शर्टवाला, थंडीत आत एक शर्ट जास्त घालतो. सांगता सांगता बाबांचा आवाज मोकळा होत गेला. त्यांच्या वहीतलेही बरेच जण ह्याच यादीत निघाले. ते त्यांनी एकेक करून लेकीच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिले.

शेवटी तिची एक जागा रिकामी राहिली, रेघेची. उरलेल्यांमधून आईने कुणालाही घ्यावं असं ठरलं. ती लगेच म्हणाली, "निळ्यांचा तो वयस्कर गोलकीपर. नेहमी बाकावर बसतो आणि कुणी लागून पडलं की पहिला पाणी घेऊन पळतो."

"त्याचे गुण शून्य येतील, वहिनी."

"येऊ देत."

प्रोफेसरांनी कागदाचा फोटो लेकीला पाठवून ठेवला होता. सातनंतर, ड्यूटी संपल्यावर, तिचा फोन आला. आवाज एवढा मोठा की टेबलावरून मलाही ऐकू येत होता. "आई, टीम बघितली! पण तुला दोन शर्टवाला कसा कळला? अगं, यादी देताना लक्षातच आलं नाही, मला वाटलं सगळे तेच म्हणतात! आणि हा पंधरावा म्हातारा कुणी घातला?"

आईने फोन बाबांच्या हातात दिला आणि ओट्याकडे वळली.

बाबांनी फोन कानाला लावला. भिंतीवरच्या कागदावर लेकीच्या रकान्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मावशीचे गुडघे गेलेत. तिसऱ्या नंबरला घ्यायला नको होती."

पलीकडून आलं, "गुडघे गेले म्हणून काय झालं, बाबा? चेंडू नसताना बघितलंत का तिला?"

"बघितलंय. दम लागतो."

"तुम्ही गोळ्या घेताय का?"

"विषय बदलू नकोस!"

झालं. जुंपली. पाऊण तास मावशीच्या गुडघ्यांवरून भांडण चाललं. आईने चहा टाकला, मला चारवर लावलं आणि डबा उघडून दोन चमचे साखर घातली. मग थोडा विचार करून तिसरा.

त्या दिवशी मी चार मिनिटांनी किंचाळलोच नाही. अंगठ्याखाली आत काहीतरी वाकलं असावं. तेव्हापासून मी लाल ठिपक्यापाशी आलो की अडखळतो. कधी कुणी टिचकी मारेपर्यंत तिथेच थबकून राहतो. त्या दिवशी चहा उतू गेला, पण कुणी बघितलं नाही. काका पंखे दुरुस्त करतात. ते म्हणाले, "आण, पाच मिनिटांत करून देतो." बाबा म्हणाले, "असू दे तसाच."

तर मी आता असा आहे. अधू, घाईचा, ठिपक्यापाशी हटून बसणारा. पुढच्या ड्राफ्टला नवा टायमर आणावा असं प्रोफेसरांचं मत आहे. तुमचं त्यांच्याकडे काही वजन असेल तर एक शब्द टाका. दीड मिनिटाचे कधी कधी पावणेदोन झाले तर काय बिघडतं?

बघा, शनिवारची संध्याकाळ झाली. फोन वाजतोय, बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केलाय, आणि आईचा साखरेचा हात माझ्याकडे येतोय. पिळलंच तिने. चार मिनिटं. निघतो.