फारूक मास्तरचं पायडल

ऋतुजा, तू आधी गप बस अन् नुसतं ऐक. मधी बोलू नको, न्हाईतर माझी लिंक तुटंल.

आपली सादिया हाय ना, उदगीरची? तिचे अब्बा फारूक मास्तर, शिलाईवाले. बसस्टँडपाशी त्यांना मोटरसायकलनं उडवलं, उजव्या पायाची नडगी मोडली. पिलास्टर झालं, निघालं बी. लातूरच्या डॉक्टरनं एक्सरेचा फोटो बघून सांगितलं, "हाड जुळलंय मास्तर. दुखणं खरंय तुमचं, मी खोटं म्हणून न्हाई राहिलो. पण दुखलं म्हणजे परत मोडलं असं नसतं. आता पाय वापरा, न्हाईतर हे दुखणं मुक्कामालाच येईल." सादियानं विचारलं, व्यायाम कोणता करायचा? तर डॉक्टर हसले. "मशीन पायडलचंच हाय ना? तेच मारा, हळूहळू."

इतकं सोपं! पण घरातले सोपं राहू देतात का?

अम्मी, म्हणजे हुसेनबी, त्यांना बाजेवरून उठूच देईना. पाण्याचा गिलास बी तोंडाला लावून. अन् बघायला येणारे, बाप्पा! जुनं गिऱ्हाइक दगडोबामामा केळी घेऊन आले, पायथ्याशी बसले. "कसं झालं हो मास्तर? पहिल्यापासून सांगा बरं." मग मास्तर सांगणार, गाडी कशी आली, हाडाचा आवाज कसा झाला. सांगता सांगता पाय धरणार, घामाघूम होणार. अन् मामा काय म्हणावेत? "माझ्या साडूचं असंच मोडलं होतं. अजून ठणकतंय. जल्मभराचंच समजा आता."

चहा पिऊन मामा गेले. मास्तरच्या डोळ्याला डोळा न्हाई.

"केळी आणतात अन् अब्बाचा पाय घेऊन जातात!" सादिया अशी चिडली ना!

आता पुढं ऐक. ज्यानं उडवलं तो शहेबाज. पोरगं वाईट न्हाई गं, लई चांगलं हाय, तोच तर वैताग! रोज मान खाली घालून यायचा. एक दिवस त्यानं मशीनला मोटरच बसवून दिली. "चाचा, आता पायडल मारायचं कामच न्हाई. डाव्या पायानं बटन दाबा, बस."

अम्मीनं त्याला दुवा दिली. सादियानं कपाळ बडवून घेतलं.

"अरे शहाण्या, तेवढंच तर औषध होतं!"

"आपा, मी तर भल्यासाठीच..."

"तुझ्या भल्यानं अब्बा लंगडे होतील!"

मास्तर मात्र खुश. उजवा पाय उशीवर, मोटर चालू. पाय मोडायच्या आधी मशिदीत चालत जायचे, ते बी बंदच. पाय बारीक होत गेला, अन् दुखणं वाढतच गेलं. शेवटी शेवटी तर चादर लागली तरी ओरडायचे.

तर परवा अम्मी बाजाराला गेलेली. सादियानं मोटरचा पट्टा काढला, ओढणीच्या पदरात बांधला, अन् पायडलचा जुना चामड्याचा पट्टा चढवला. "अब्बा, माझ्या कुर्त्याची एक बाही. एकच."

"दुश्मन हाय का तू माझी?"

"हाव, हाय. बसा."

बसले गं! दोन्ही पाय पायडलवर. मशीन कुरकुरलं, मग चाललं. अर्धी बाही झाली, तर मास्तर सादियावरच डाफरून राहिले, "कपडा सरळ धर की, कुणी शिकवलं तुला?" पहिल्यासारखेच! अन् मग पाय असा ठणकला की कैची खाली पडली, डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं नव्हतं, सादियाला दिसत होतं.

तेवढ्यात अम्मी दारात. "मारतीस का बापाला? आण तो मोटरचा पट्टा!" तिच्या मागं शहेबाज, बाजाराची पिशवी घेऊन. "द्या आपा, मी लावतो."

मास्तर म्हणले, "दे बेटा. लई दुखून राहिलं." पण सुईखालची अर्धी बाही काही हातातून सोडली न्हाई त्यांनी.

अन् सादिया पदराची गाठ मुठीत धरून उभी. आता तूच सांग, तू असतीस तर काय केलं असतंस?