कर्नलसाहेबांची विसरभोळी फौज

मामांची दृष्टी तरुणपणीच गेली, पण पुस्तकांचा नाद काही सुटला नाही. पियानो जुळवून देण्याचं त्यांचं काम. सकाळी लोकांकडे जाऊन सूर लावून यायचे आणि जेवण झालं की खिडकीशी बसून कादंबरी ऐकायचे. पुस्तक वाचून दाखवणारं ते साबणाच्या वडीएवढं यंत्र त्यांच्या भाचीच्या कंपनीतलं होतं. भाची लहानपणापासून मामांकडेच वाढलेली. यंत्राच्या पोटातला कर्नेल हे तिचं खातं. कुठल्या कामाला किती मेमरी द्यायची आणि काम झालं की ती परत घ्यायची, हे बघणारा प्रोग्रॅम म्हणजे कर्नेल. मामा त्याला मुद्दाम ‘तुझे कर्नलसाहेब’ म्हणायचे.

“अगं, तुझ्या कर्नलसाहेबांची पुन्हा दातखीळ बसली बघ,” एके दुपारी ते म्हणाले. “कादंबरीतल्या ऐन भांडणात यंत्र मुकं झालं. बंद करून चालू केलं की तासभर बरं चालतं, मग पुन्हा तेच.”

ऑफिसात तसंच यंत्र दिवसभर न अडखळता वाचायचं. भाचीला वाटलं, मामांच्या यंत्रात मेमरी गळत असणार. कुणीतरी ती घेतंय आणि परत करायला विसरतंय. पण कोण?

तो विसरभोळा पकडायची सोय कर्नेलमध्येच होती. मेमरीचा प्रत्येक तुकडा कुणी मागितला, त्याला कुणी सांगितलं, त्या सांगणाऱ्याला कुणी सांगितलं, अशी सगळी साखळी तुकड्यासोबत नोंदवून ठेवायची. मोठ्या कॉम्प्युटरवर हे खुशाल चालायचं. या चिमुकल्या यंत्रात मात्र ती सोय चालू केली की नोंदींनीच मेमरी भरून जायची. यंत्राच्या तोंडून शब्द फुटेना.

“चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!” तिचे वरिष्ठ म्हणाले. मेमरी देताना त्यांचा हात फार आखडता, म्हणून सगळे त्यांना पाठीमागे कंजूसकाका आणि तोंडावर नुसतं काका म्हणत. “आणि मेमरीची मोठी चिप मागू नकोस. या बोर्डावर ती बसत नाही.”

“चिप नकोच काका. मसालाच कमी करून बघते.”

यंत्र गुदमरण्याआधी झालेल्या नोंदी तिने स्क्रीनवर उघडल्या आणि चहा गार होईपर्यंत वाचत बसली. वाचता वाचता तिला हसू आलं. तुकडे हजारो होते, पण त्यांच्या मागच्या साखळ्या मोजक्याच. तीच तीच लांबलचक साखळी प्रत्येक तुकड्याजवळ नव्याने लिहिली जात होती. तिने प्रत्येक साखळी एकदाच लिहून तिला नंबर दिला आणि तुकड्यापाशी फक्त तो नंबर ठेवला.

यंत्र बोलू लागलं. एक पान वाचलं आणि पुन्हा गप्प.

दोन दिवस तिचं डोकं चालेना. मग लक्षात आलं, साखळ्या ठेवायला लागणारी जागा कर्नेल सुरुवातीलाच अडवून बसत होता. चार पाहुणे येणार आणि शंभर ताटं मांडून ठेवलेली! लागेल तेव्हा, लागेल तेवढीच जागा घ्यायची, असं तिने करून टाकलं. यंत्र प्रकरणामागून प्रकरणं वाचत सुटलं. काकांनी मेमरीचा खर्च स्वतः मोजून पाहिला, पुन्हा मोजला आणि “हं” म्हणाले. त्यांच्याकडून एवढी शाबासकी म्हणजे डोक्यावरून पाणी.

सुट्टीच्या दिवशी तिने नवा कर्नेल मामांच्या यंत्रात घातला, लॅपटॉप जोडला आणि शेजारी बसली. मामांनी कादंबरी लावली.

“डोंगराचं वर्णन आलं. पळव!” ते स्वतःशीच पुटपुटले आणि वेगाचं बटण दाबलं. आवाज भरभर धावू लागला. “आता नवरा-बायको बोलतायत, हळू.” पुन्हा बटण. “झालं, परत डोंगर!”

भाची पुस्तक ऐकतच नव्हती, लॅपटॉपवरच्या नोंदी बघत होती. मामांनी बटण दाबलं की एकाच साखळीचे तुकडे वाढत होते. दर वेळी नवा वेग नवी मेमरी घ्यायचा आणि जुन्या वेगाची तशीच राहायची. ऑफिसात वेगाला कुणी हातच लावला नव्हता.

“मामा, सापडला! वेगाच्या बटणाचा प्रोग्रॅम घेतलेलं परत देत नाही.”

“म्हणजे डोंगर टाळल्याची मला शिक्षा झाली म्हण की!”

“तुम्ही ते टाळले म्हणून तर सापडला.”

मामा इतके खूश झाले की पुढचा डोंगर त्यांनी सावकाश ऐकला.

दुरुस्ती एका ओळीची होती. यंत्राची नवी खेप निघताना काका नेहमीप्रमाणे म्हणाले, “आता ती नोंदींची भानगड बंद कर. गिऱ्हाइकाला काय करायचंय?”

“काका, आता ती खातेय किती? एखादा शब्द उच्चारायला यंत्राला याहून जास्त मेमरी लागते. आपल्याकडे न सापडणारी गळती लोकांकडे सापडेल.”

काकांनी आकडे मागितले, पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले. “राहू दे चालू,” ते म्हणाले. “पण मी उदार झालोय हे कुणाला कळता कामा नये.”

थोड्याच आठवड्यांत दूरच्या एका शिक्षिकेचं यंत्र अडलं. ते परत मागवावं लागलं नाही. तिने नोंदी पाठवल्या, त्यात दुसरीच एक गळती स्वच्छ दिसत होती. भाचीने जेवणाआधी ती बुजवली आणि शिक्षिकेला फोन केला.

“इतक्यात झालं?” शिक्षिकेने विचारलं.

“झालं,” भाची म्हणाली. मग डबा उघडून आरामात जेवायला बसली.