जेवणाच्या वेळचा भोंगा

मी पाणीखात्याची गाडी बोलतेय. कार्यालयाच्या मागच्या भिंतीला लागून उभी आहे, चारही टायर बसलेत. इकडे चिटपाखरू फिरकत नाही, म्हणून तुम्हालाच धरलंय.

नवी होते तेव्हा माझा थाट काय विचारता! कुठे पाइप फुटला की मला लाल सिग्नल नाही, एकेरी रस्ता नाही, सगळं माफ. तसा नियमच होता. भोंगा वाजला की लोक पटापट बाजूला व्हायचे. जवळ मात्र कोणी यायचं नाही. टॅक्सीला टेकून माणसं तासन्‌तास गप्पा मारायची, मला दुरूनच नमस्कार.

आमच्या साहेबांना दुपारी घरचं गरम जेवण लागायचं आणि चौकात तर ही गर्दी. एकदा माझ्यातून घरी जेवायला जाताना ते चालकदादाला म्हणाले, "वाजव रे, कोण विचारतंय?" दादाने वाजवला. मग ते रोजचंच झालं. मला कोण विचारणार? भोंगा ऐकला की दुकानदार म्हणायचे, "साहेबांना भूक लागली, चला, आपणही डबे उघडू."

एका दुपारी पाइपासाठी खणलेला चर ढासळला. आत दादाचा धाकटा भाऊ कामाला होता. त्याला उकरून काढलं आणि माझ्या मागच्या बाकावर निजवलं. श्वास चालू होता. दवाखाना चौकाच्या पलीकडेच. दादाने भोंगा लावला, पण वेळ नेमकी जेवणाची. टेम्पोवाला हलेना. फळवाली म्हणाली, "थांबा की जरा. जेवण काही पळून जात नाही."

दादा खाली उतरला आणि एकेकापुढे हात जोडत सुटला. "माझा भाऊ आहे हो आत."

लोकांनी डोकावून पाहिलं, मग एकच धावपळ उडाली. फळवालीने वाट करायला स्वतःची हातगाडी उलटी केली. आम्ही पोचलो, पण भाऊ चौकातच गेला होता.

पुढे साहेबांची बदली झाली. त्यांना दुसरी गाडी मिळाली. मला इथे आणून लावलं. दादा एकदाच आला. बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "तुझ्यावर राग नाही गं बाई. पण तुझ्यात आता बसवत नाही." त्यानं रोज येऊन शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. फार एकटं वाटतं इथे.

तुम्ही एवढं करा. भोंगा वाजला की शंका येईल, येऊ द्या. तरी आधी बाजूला व्हा. शिव्या मागाहून घाला, आणि त्या साहेबाला घाला. मागच्या बाकावर निजलेला माणूस रस्त्यावरून दिसत नाही.