नुसता घास

महिपतीनं पाटीवरचं फडकं सोडलं आणि ससा दोन्ही हातांनी उचलून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. कापशा एरवी असा ठेवून घेणारा नव्हता. मागच्या पायांनी हात ओरबाडून काढायचा. आज ठेवला तिथंच बसून राहिला. टेबलाच्या पत्र्यावर चुना कालवल्यासारखं पांढरट मूत पसरलं.

बारामतीचे हे जनावरांचे डॉक्टर वयानं तरुण, पण हात जपून चालवणारे. त्यांनी सशाचं पोट चाचपलं, एका जागी बोट थांबवलं आणि विचारलं,

"खायला काय देता याला?"

लासुर्ण्याहून येताना एसटीत महिपती याच प्रश्नाचं उत्तर जुळवत आला होता. बाकी कशात असेल, पण कापशाच्या खाण्यात त्याच्या घरी तसूभर चूक नव्हती.

"घास. नुसता घास, डॉक्टर. दुसरं कायबी न्हाय."

"लसूणघास? गाईला घालतो तो?"

"व्हय. रोज ताजा."

आणि मग तो सांगतच सुटला. शेजारची साखरबाई वाटाण्याच्या शेंगा घेऊन आली, तर त्याच्या बायकोनं, गोजरबाईनं, तिला दारातूनच परत लावली होती. पाहुण्यांची बिस्किटं, भाकरीचा तुकडा, गूळ, सगळ्याला बंदी. वांग्यांवर औषध मारायचं झालं की आधी घासाचा वाफा ताडपत्रीनं झाकायचा. गाय विकून टाकली, पण वाफा मोडला नाही. गोजरबाई सकाळी घास कापून आणायची, पोत्यावर पसरून त्यावरचं दव सुकू द्यायची आणि मग सशापुढं धरायची.

"माणसासाठीबी कुणी एवढं करत न्हाय," महिपती म्हणाला आणि तिथंच अडखळला.

ससा त्यांच्या अनिताचा होता. चौदा महिन्यांपूर्वी अनिता काविळीनं गेली, अकराव्या वर्षी. तिच्या हातचं, अजून श्वास घेणारं असं घरात एवढंच उरलं होतं. हे काही तो डॉक्टरांना बोलला नाही.

"मुतखडा झालाय," डॉक्टर म्हणाले. "चांगलाच मोठा आहे. वाढत्या पिलाला घास ठीक, पण मोठ्या सशाला रोज तोच दिला की पोटात चुना साठत जातो. त्याला साधं गवत लागतं. हरळी, मारवेल, बांधावर उगवतं ते. घास आपला अधूनमधून, चवीपुरता. नुसता घासच द्यायचा, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"इकणाऱ्यानं सांगितलं व्हतं."

इंदापूरच्या बाजारात जाळीच्या पेटीत ससे घेऊन बसलेला तो माणूस उत्तरेकडचा कुठला तरी होता. अनितानं बापाचा सदरा ओढून ओढून त्याला तिथं थांबवलं होतं. पैसे खिशात घालताना तो माणूस म्हणाला, "सिर्फ घास खिलाना. दूसरा कुछ मत देना, मर जाएगा." महिपती भाजीच्या ट्रकबरोबर चार गावं फिरलेला. आपल्याला हिंदी येते याचा त्याला भारी तोरा. "काय म्हणतोय त्यो, आबा?" असं पोरीनं विचारल्यावर त्यानं ऐटीत सांगितलं होतं, "नुसता घास घालायचा म्हणतोय. दुसरं दिलं तर मरंल."

डॉक्टरांनी ते सगळं ऐकून घेतलं.

"हिंदीत घास म्हणजे गवत, महिपतराव," ते हळूच म्हणाले. "आपण इकडं लसूणघासाला घास म्हणतो, हे त्याला कुठनं ठाऊक असणार."

त्यांनी दुखणं कमी व्हायला एक सुई टोचली. पुण्याला नेलं तरी आता हा तग धरायचा नाही, हेही आडपडदा न ठेवता सांगून टाकलं.

परतीच्या एसटीत भवानीनगर मागं पडल्यावर महिपतीनं फडक्याखाली हात घातला. कापशा हलत नव्हता. लासुर्णं येईपर्यंत त्यानं हात तसाच आत ठेवला. शेजारचा उतारू उसाच्या तोडीबद्दल काही विचारत होता, त्याला तो नुसतं हूं हूं करत राहिला. आपली जीभ हासडून टाकावी असं त्याला वाटत होतं. पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. वाफ्यातनं घास कापून आणणारे हात गोजरबाईचे होते. लेक गेल्यापासून ती बाई त्या सशाच्या आधारानं उठत-बसत होती, आणि आता तो तिच्याच हातच्या घासानं गेला हे तिला कळलं तर ती पुन्हा उठायची नाही. काहीही होवो, तिला हे सांगायचं नाही, असं त्यानं पक्कं ठरवलं.

गोजरबाई ओट्यावरच बसली होती. तिनं फडकं उचलून पाहिलं आणि परत नीट झाकलं.

"वय झालं व्हतं म्हणं," महिपती म्हणाला. "सशाचं आयुष्य तेवढंच असतं. डॉक्टरच म्हणालं."

"खोटं बोलू नका. माझ्यामुळं गेलं ते."

हिला घासाचं कुणी सांगितलं, हेच महिपतीला उमजेना.

"मी त्याला रोज हरळी घालत व्हते," ती म्हणाली. "सांजच्याला, बांधावरली, मूठभर. अनी घालायची ना, तशी. तुमी घासाबिगर काय घालायचं न्हाय म्हणून सांगितल्यालं, तर मी एक दिवस तिला धरली. ती म्हणाली, आये, त्याला हीच लय आवडती. मी दिली एक ठेवून. गालावर बोटं उठली पोरीच्या." तिनं फडक्याची सुटलेली कड पाटीत खोचली. "ती गेल्यावर मला राहवंना. म्हनलं, तिच्या वाटची मूठ आपण घालावी. तुमाला कळू दिलं न्हाय. ती हरळीच बाधली त्याला."

महिपती उभाच होता. गप्प बसावं, तर ही बाई सशाचं मरण पदरात बांधून घेणार. बोलावं, तर रोजचा घास कुणी कापला ते उघडं पडणार. तरी त्याला गप्प बसवलं नाही.

"हरळीनं न्हाय गेलं, गोजरा. हरळीवरच त्यानं एवढं दिस काढलं. घासानं घात केला. त्यो बाजारातला माणूस गवत म्हणत व्हता, मला कळलं न्हाय. चूक माझी हाय, तुझी न्हाय."

गोजरबाई आता चिडेल, चार शब्द बोलेल, अशी त्यानं वाट पाहिली. बोलली असती तर बरंच वाटलं असतं त्याला. पण तिचं लक्ष ना सशाकडं होतं, ना त्याच्या चुकीकडं.

"म्हंजी अनीचं बरोबर व्हतं," ती म्हणाली.

"व्हय."

"मग मी तिला मारलं कशापायी?"

हे तिनं त्याला विचारलंच नव्हतं. पण ऐकायला घरात दुसरं कुणी उरलं नव्हतं, म्हणून तो तिच्याशेजारी ओट्यावर बसला.