सातव्या सोमवारचा हुंकार

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बांबू बांधले गेले, तो माझ्या सोळा सोमवारांतला सातवा सोमवार होता. कोपऱ्यावरच्या घरात कोरोनाचा पेशंट निघाला आणि चौदा दिवस कोणी कोणाच्या दारात जायचं नाही, असा हुकूम झाला.

बेल अंगणातलाच. चुरम्याला कणीक, तूप, गूळही घरात होतं. अडलं ते ऐकणाऱ्यापाशी. सोमवारची कहाणी एकटीनं सांगून चालत नाही. समोर कोणीतरी मुठीत अक्षता धरून बसावं लागतं आणि वाक्यावाक्याला "हूं" म्हणावं लागतं. "ज्या कहाणीले हुंकार नाही, ते देवाघरी पोचत नाही," असं सासूबाई सांगत. आणि न पोचलेला सोमवार धरत नाहीत. व्रत पुन्हा पहिल्यापासून. सहा सोमवार शेजारच्या रत्नाबाईंनी हुंकार दिला होता. आता घरात उरले आमचे हे.

हे वरठीच्या कारखान्यातून रिटायर झालेले. लॉकडाऊन लागल्यापासून एकच उद्योग, मोबाइलवर लुडो. समोरचा गडी म्हणजे सिहोऱ्याचा माझा मोठा भाऊ, आनंदराव. खेळता खेळता गप्पांसाठी दोघांचा फोनही चालूच.

"मी बसतो ना वं," हे म्हणाले. "आयकाचंच तर आहे."

"मागं सत्यनारायणाले बसले होते तुम्ही. घोरून राहिले होते."

"तो महाराजच लांबवून राहिला होता. तू थोडक्यात आटप."

दिवेलागणीला पूजा झाली. ह्यांच्या उजव्या मुठीत अक्षता दिल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि पिंडीवर नजर ठेवून सुरू केलं. शंकर-पार्वती देवळात सारीपाट मांडून बसले.

"हूं."

पार्वतीनं पुजाऱ्याला विचारलं, डाव कोण जिंकेल?

"हूं."

असा वेळेवर हुंकार रत्नाबाईंचाही नसतो. त्यांचं अर्धं लक्ष कुकरच्या शिट्टीकडे. मला वाटलं, उगाच बोलले ह्यांना. पुजारी म्हणाला, शंकर जिंकेल. जिंकली पार्वती. तिला राग आला आणि तिनं पुजाऱ्याला शाप दिला...

"वा रे पठ्ठे! सहा!"

मी वळून पाहिलं. मांडीवर मोबाइल, त्यावर ह्यांचा डावा अंगठा.

"काय सहा?"

"ते... शाप. सहा शाप देल्ले तिनं."

"एकच देल्ला. मंग एवढ्या वेळचा हुंकार कोनाचा?"

"माहा वं बाई," मोबाइल बोलला. दादा! फोन तसाच चालू होता. "थांबली काहून? त्या पुजाऱ्याचं काय झालं पुढं?"

"दादा, तू कायले हुंकार देऊन राहिला?"

"माय कहाणी सांगे तवा मीच देत होतो ना. तोंडात बसला आहे."

मला हसू आलं नाही. पोटात सकाळपासून अन्नाचा कण नव्हता. हुंकार दादाचा, पण त्याच्या हातात अक्षता नाहीत. अक्षता ह्यांच्या हातात, पण कान लुडोत. "गेला माझा सोमवार," म्हटलं आणि डोळ्यांना पदर लावला.

ह्यांनी मूठ पुढे करून उघडली. अक्षता घामानं तळहाताला चिकटल्या होत्या. "पाह्य, एक दाणा सांडला नाही. डाव्या हातानं खेळलो म्हणून तर तुहा भाऊ जिंकून राहिला."

"दोन्ही हातानं खेळले असते तरी हरलेच असते, जवाईबापू."

मी पिंडीकडे पाहिलं. ज्या देवाला स्वतःला डाव मांडल्याशिवाय करमत नाही, तो लुडोवर काय रागावणार? पण माझी खात्री पटायला हवी होती.

"डाव बंद. दादा, तूही मुठीत तांदूळ घे. पहिल्यापासून सांगते."

सांगितली. दोन्हीकडून हुंकार आला. ह्यांचा तर माझं वाक्य संपायच्या आधीच. सातवा सोमवार पोचला.

चुरम्याचा दुसरा घास घेत हे हळूच म्हणाले, "आता खेळू का वं?"

"खेळा," मी म्हटलं. "फक्त कोण जिंकेल, ते मले इचारू नका."