आबांचे दोन डॉलर

माझे सासरे पोपटराव कुठलाही भाव ऐकला की आधी त्यातले दोन रुपये कमी करतात. घरात आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. घासाघीस ही त्यांच्या मते ओळख वाढवायची रीत. आमच्या गावातली, निमोण्यातली, चार पोरं त्यांनी अशीच साखर कारखान्यात चिकटवली. चेअरमनला सांगायचं, "आधी कमीवर घ्या, काम बघा, मग वाढवा."

म्हणून माझ्या नवऱ्याच्या, सत्यजीतच्या, कॅनडातल्या होणाऱ्या मालकाचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा आबांनी फोन आपल्याकडे घेतला. मालक मूळचे पंजाबचे, गिल नावाचे, ट्रेलर बनवणारे. सत्यजीत सणसवाडीत वेल्डिंग करतो. त्याचं काम त्यांना पसंत पडलं होतं, पगार ठरला होता, आणि मी आणि आमची मुलगी ज्ञानेश्वरीही बरोबर जाणार होतो.

"साब, पोरगा हिरा है," आबा म्हणाले. "घंटे का दो डॉलर कम दो, पर घरका समजके संभालो."

गिल हसले. "ठीक है, पिताजी."

"बघ, पिताजी म्हणला," आबा मला म्हणाले. "आता सोडत न्हाई तो आपल्याला."

सत्यजीत वडिलांचं बोलणं तोडत नाही.

आठवड्याभरानं शिरूरहून कॅनडाचे कागद करून देणाऱ्या आमच्या एजंट मायाताईंचा फोन आला. "तेजश्री, पगार कुणी कमी करून घेतला?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. तिथल्या सरकारनं बाहेरून आणलेल्या कामगारांसाठी ताशी पगाराची एक रेषा आखली आहे. मालक त्या रेषेइतका किंवा वर पगार देत असेल तर कामाचा परवाना तीन वर्षांपर्यंत मिळतो. खाली असेल तर एकच वर्ष. राहायची सोय आणि प्रवासाचं भाडं मालकाकडे, पण इतक्या थोड्या मुदतीवर बायकोला कामाचा परवाना नाही. आधीचा पगार रेषेच्या थोडा वर होता. आता थोडा खाली.

"परत वाढवून मागितला तर?"

"मागितला मी. म्हणतात, मुलाच्या वडिलांनीच सांगितलंय. खोलीसुद्धा बघून ठेवलीय, चौघा कामगारांत एक. तिथं तुम्ही दोघी कुठं राहणार?"

मी एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. ठरलेल्या मापाच्या जरासा खाली आलेला रंग मी रोज परत पाठवते. तो वाईट असतो असं नाही. मायाताईंशी वाद घालावासा वाटला नाही. फक्त खूप दमल्यासारखं झालं. ज्ञानेश्वरीच्या बर्फातल्या बुटांसाठी तिच्या पावलाचं माप कागदावर काढून ठेवलं होतं, ते कपाटात ठेवून दिलं.

संध्याकाळी आबांना सांगितलं. त्यांना खरंच उमगेना.

"मानूस स्वस्तात मिळतोय, तर सरकारचं काय जातंय?"

"बाहेरची माणसं स्वस्तात आणून तिथल्या पोरांचं काम जाऊ नये, म्हणून आहे ते, आबा."

त्यांनी बोटांवर हिशेब केला. मग म्हणाले, "वरचा फरक मी देतो की. उसाचं बिल आलं की गिलला धाडतो. त्यानं पगारात घालून पोराला द्यावा."

"तसं चालत नाही. कामगाराच्या घरून पैसे घेतले तर मालकच अडकेल."

"राहू द्या, आबा," सत्यजीत म्हणाला. "एक वर्ष तर आहे."

"मग वाढवील तो?"

"बघू."

निघायच्या दिवशी गावातला पप्पू भाड्याची गाडी घेऊन आला. मुंबईच्या विमानतळापर्यंतचं भाडं सांगून तो बॉनेटला टेकून उभा राहिला. आबांचं आणि त्याचं भाड्यावरून दर वेळी चहा संपेपर्यंत चालतं.

"बोला आबा, किती तोडताय?"

आबांनी तोंड उघडलं. डिकीत एकटीच पडलेली सत्यजीतची बॅग त्यांना दिसली. त्यांनी खिशातून पैसे काढले आणि पप्पूनं सांगितले तेवढेच त्याच्या हातावर ठेवले.

पप्पू सरळ उभा राहिला. "आबा, तब्येत बरी हाय ना?"

"व्हय," आबा म्हणाले. "निघा आता. उशीर हुईल."